लाकडाची गाडी आणि लेकराचे हात

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात तान्हा पोळा भरतो. दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी १८०६ साली तो सुरू केला, असे सांगतात. चाके लावलेला लाकडी बैल सुतळीने ओढत लहान मुले रांगेत उभी राहतात, घरोघरी जातात, बोजारा घेतात. आपल्या वस्त्यांमधले लेकरू दारात उभे राहून हे सगळे पाहते आणि विचारते, "आपण का नाही?"

बहुतेक घरांत उत्तर मिळते, "आपल्यात नसते." १४ ऑक्टोबर १९५६ ला याच शहरात बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञा आपण पाळतो. म्हणून नंदीची पूजा आपण करत नाही, हे बरोबरच आहे. पण लेकराला पूजा हवी असते असे आम्हाला वाटत नाही. त्याला चाके हवी असतात, सुतळी हवी असते आणि मोठ्यांचा थोडा वेळ हवा असतो. नुसता नकार दिला की लेकरू हिरमुसते आणि कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसते. तेव्हा नकारासोबत हातात काहीतरी द्यावे. आमचे म्हणणे, लाकडाची एक छोटी गाडी द्यावी, पण विकत आणून नव्हे, त्याच्यासोबत बसून बनवावी.

अमेरिकेतही असेच घडले. १९५३ साली कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीच गावात डॉन मर्फी नावाच्या गृहस्थांचा मुलगा मोठ्या गाड्यांच्या शर्यतीसाठी वयाने लहान पडत होता. मग त्यांनी स्काउटच्या लहान मुलांसाठी पाइन लाकडाच्या ठोकळ्यांच्या गाड्यांची शर्यत काढली. गाडी मुलाने आणि पालकाने मिळून बनवायची आणि उतरत्या फळीवरून सोडायची. ती शर्यत आजही चालते, आणि तिथली एक तक्रारही जुनीच आहे : गाडी बापच बनवतो, मुलगा नुसता धरून उभा राहतो.

आमच्या घरी हेच झाले. मुलगा सात वर्षांचा होता. त्याच्या वडिलांनी रविवारी गाडी करायला घेतली. पोराने करवतीला हात लावला की "थांब, बिघडवशील." त्याने चाक लावले की "वाकडे झाले, दे इकडे." संध्याकाळपर्यंत गाडी देखणी झाली, पण पोरगा केव्हाच उठून गेला होता. नर्सिंग शिकलेल्या आम्ही तिथेच बसलो होतो आणि आम्हीही काही बोललो नाही. पुढच्या रविवारी दुसरी गाडी झाली. ती वाकडी होती, तिरपी पळायची, पण तो तिला उशाशी घेऊन झोपायचा.

साहित्य घरातलेच. कळमना बाजारातून येणाऱ्या फळांच्या पेट्यांची फळी चालते. आधी त्यातले सगळे खिळे आणि पिना पकडीने काढा. जुन्या स्लीपरच्या तळव्यातून मोठ्यांनी चार गोल चाके कापून द्यावीत. आसासाठी बांबूची सरळ तासलेली काडी घ्या. जुन्या बॉलपेनच्या नळीचे दोन तुकडे फळीच्या खाली आडवे पक्के बांधा आणि त्यातून काडी ओवा. काडी नळीत सहज फिरली पाहिजे. दोन्ही आस एकमेकांना समांतर असले की गाडी सरळ जाते. शिसपेन्सिलीचे टोक पॉलिश पेपरवर घासून मिळालेली काळी भुकटी आसाला लावा, गाडी जास्त लांब जाते. नावात शिसे असले तरी पेन्सिलीत शिसे नसते, ते ग्रॅफाइट असते.

वयाप्रमाणे काम. पाच ते सात वर्षांच्या मुलाने फळी घासावी, चित्र काढावे, चाके ओवावीत. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला छोटी हातोडी द्या. खिळा बोटांनी न धरता कपड्याच्या चिमट्यात धरायला शिकवा. दहा-अकरा वर्षांनंतर मोठ्यांच्या देखरेखीत लहान करवत द्यावी. ब्लेड आणि ड्रिल मशीन मात्र मोठ्यांकडेच ठेवा. खिळे ठोकताना आणि लाकूड कापताना बाकीची पोरं दूर बसवा, कारण उडालेली ढलपी डोळ्यात जाते. लाकूड घराबाहेर घासावे, भुसा ओल्या फडक्याने पुसावा. घरात तीन वर्षांखालचे बाळ असेल तर चाके, खिळे, नळीचे तुकडे मोजून डब्यात ठेवा. बाळ ते तोंडात घालते आणि श्वास अडकू शकतो.

रंगाचे शिसे. घरातला उरलेला जुना ऑइल पेंट खेळण्याला लावू नका. शिसे मुलांच्या मेंदूवर परिणाम करते. त्याचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानले जात नाही, आणि मोठ्यांपेक्षा मुलांचे शरीर ते चार-पाच पट जास्त शोषते. घरगुती रंगात शिसे ९० पीपीएमपेक्षा जास्त नको, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे, पण डब्यात साठवलेला रंग त्याआधीचा असू शकतो. गाडी बिनरंगाची ठेवा किंवा मुलांच्या खडूंनी रंगवा. बाजारातले रंगीत खेळणे घेताना आयएसआय खूण पाहा. २०२१ पासून ती सक्तीची आहे. नोंदणीकृत हस्तकारागिरांना त्यातून सूट आहे, म्हणून त्यांच्याकडे घेताना रंग कोणता वापरला ते विचारा.

खिळा लागलाच तर. जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा. चुना, राख, टूथपेस्ट लावू नका. खिळा गंजलेला नसला म्हणून धनुर्वात टळत नाही, त्याचे जंतू माती-धुळीत असतात. मुलाचे लसीकरण कार्ड काढून पाहा. दीड-दोन वर्षांचा आणि पाच-सहा वर्षांचा डीपीटी बूस्टर, नंतर दहा आणि सोळा वर्षांची टीडी, हे झाले आहे का? खोल किंवा मळकट जखम असेल आणि शेवटच्या डोसला पाच वर्षे उलटली असतील, तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा.

मुलींनाही हातोडी द्या. "तिला काय करायचे?" असे म्हणणारी घरे आम्ही पाहिली आहेत. जातीव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांचीही विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली मांडले. करवत एका जातीची आणि पुस्तक दुसऱ्या जातीचे, हे आपण मोडायला निघालो. मग हातोडी मुलाची आणि पोळपाट मुलीचे, हे तरी घरात का ठेवायचे?

वडिलांना एक सांगणे आहे. बांधकामावरून, रिक्षावरून थकून आल्यावर रोज वेळ देणे जमणार नाही, हे आम्हाला कळते. आठवड्यातून एक तास द्या. त्या तासात तोंडात खर्रा नको, हातात मोबाइल नको. तुमचे हात पाठीमागे ठेवा आणि लेकराने विचारले तरच पुढे करा. फळी धरताना पोरं शाळेतले सांगतात, कोण मारतो ते सांगतात, पोटात कधी दुखते ते सांगतात. दवाखान्यात आम्ही विचारले तर यातले निम्मेही ते बोलत नाहीत.

विहारात रविवारी मुलांचा वर्ग भरतो. वर्ग झाला की अंगणात एक फळी तिरपी लावा आणि सगळ्यांच्या गाड्या सोडा. जिची गाडी सर्वात लांब जाईल तिचे कौतुक करा, आणि जिची उलटेल तिला ती घरी नेऊन आस पुन्हा बसवायला सांगा. पुढच्या रविवारी ती परत येईल.