मोटारीचें तेल घरीं बदलतांना

परतूर तालुक्यांतील आष्टी येथें बैलगाडीच्या चाकांना वंगण घालण्याचें काम पूर्वीं घरचाच माणूस करी. त्यासाठीं कारागीर बोलावीत नसत. तोच बाणा आमच्या एकत्र कुटुंबानें मोटारीच्या बाबतींतही चालविला आहे. इंजिनांतील तेल बदलणें हें अवघड शास्त्र नव्हे. एक पाना, एक पसरट भांडें, नवें फिल्टर आणि तासभराची सवड एवढ्यांत तें उरकतें. परंतु आमच्या हातून व आमच्या डोळ्यांदेखत या कामांत ज्या चुका झाल्या, त्या वाचकांस सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

पहिली चूक तेलाची नव्हेच. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कोणीही क्षणभरसुद्धां जाऊं नये. आमच्याकडील काळी जमीन उन्हाळ्यांत दगडासारखी टणक दिसते, पण तिला भेगा असतात आणि जॅकचा पाया हळूहळू कलतो. गाडी फरशीवर घ्यावी, हातब्रेक ओढावा, टेकलेल्या चाकांस दगड लावावे आणि उचललेली बाजू भक्कम लोखंडी घोडीवर ठेवावी. घोडी नसेल तर गाडी मिस्त्रीकडे न्यावी. त्यांत कमीपणा नाहीं.

तेल अगदीं थंड असतां काढलें तर तें सावकाश उतरतें आणि गाळ मागें राहतो. लांबच्या प्रवासाहून आल्याबरोबर काढलें तर हात भाजतो. पांच मिनिटें इंजिन चालवून बंद करावें व थोडा वेळ थांबावें. जो नट आपण सोडणार तो इंजिनाच्या चेंबरचाच आहे ना, हें गाडीच्या पुस्तकांतील चित्रावरून ताडून पाहावें. आमच्या एका आप्तांनीं गियरबॉक्सचा नट सोडून तेथलें तेल काढलें आणि इंजिनांत जुन्यावरच नवें ओतलें; एका दिवसांत दोन संकटें! नट परत लावतांना नवें वॉशर घालावें आणि आधीं तो बोटांनीं फिरवावा. लांब पान्यावर सारी ताकद लावली कीं आटे जातात.

फिल्टरची गोष्ट मात्र सविस्तर सांगतों, कारण ती आमच्याच अंगणांत घडली. वैशाखांतील दुपार, घरांत लग्नघाई, आणि सायंकाळीं पाहुण्यांस आणावयास परतूर स्टेशनवर जावयाचें होतें. आम्हीं जुनें फिल्टर काढलें, नवें बसविलें, साडेतीन लिटर तेल ओतलें आणि इंजिन सुरू केलें. ओट्यावरून लहान पुतणी ओरडली, “काका, खालीं काय सांडतंय?” पाहतों तों फरशीवर सोन्यासारखें नवें तेल पसरत होतें. जुन्या फिल्टरचें रबरी कडें इंजिनालाच चिकटून राहिलें होतें आणि त्यावर नवें बसलें होतें. अशीं दोन कडीं एकमेकांवर ठरत नाहींत. तेलाचा दाब येतांच एक निसटतें. मुलीनें पाहिलें नसतें तर वाटेंत तेल संपून इंजिन जाम झालें असतें, आणि त्याचा खर्च लग्नाच्या खर्चांत मिसळला असता. तेव्हांपासून जुनें कडें फिल्टरबरोबर निघालें कीं नाहीं तें आधीं पाहतों, नव्या कड्यास ताज्या तेलाचें बोट लावतों, आणि तें टेकल्यावर फिल्टर हातानेंच पाऊण फेरा आवळतों. इंजिन सुरू होतांच एकानें गाडीखालीं नजर ठेवावी व दुसऱ्यानें तेलाचा तांबडा दिवा विझतो कीं नाहीं तें पाहावें.

तेल कोणतें घालावें, यावरून आमच्या घरांत दोन पक्ष आहेत. वडिलधाऱ्यांचें मत असें कीं, मराठवाड्याच्या उन्हास तेल दाटच हवें. जुन्या मोटारींस २०डब्ल्यू-५० सारखें दाट तेल चाले, हें खरें. परंतु हल्लींच्या पुष्कळ गाड्यांस ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० सांगितलेलें असतें. ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर. पहिला आंकडा थंडींतील वाहतेपणाचा, आणि दुसरा १०० अंश सेल्सिअसला तेल किती दाट राहतें त्याचा. तापलेल्या इंजिनापुढें आष्टीचें ऊन तें किती! आंतील फटी ठराविक दाटपणाच्या हिशेबानेंच ठेवलेल्या असतात. पुस्तकांत असेल तेंच तेल घालावें. गंमत अशी कीं, ‘कॅस्ट्रॉल’ हें नांव १९०९ सालीं एरंडेलाच्या इंग्रजी नांवावरून पडलें, कारण त्या वंगणांत एरंडेल मिसळीत. आजीच्या फडताळांतील बाटली एवढी पुढें गेली!

आणि तेल जास्त ओतूं नये. फिरत्या दांड्यानें तें घुसळून त्याचा फेस होतो, व फेसाला वंगणाचा गुण राहत नाहीं. सपाट जागीं, इंजिन बंद करून कांहीं मिनिटांनीं मापाची सळई पाहावी. तेल दोन खुणांच्या मध्यें असावें.

आतां उरतें तें जळकें तेल. वाळवी लागूं नये म्हणून तें लाकडास चोपडणें, धूळ बसावी म्हणून अंगणांत शिंपणें आणि उरलेलें नालींत ओतणें, ही चाल आमच्याकडेही होती. पण मराठवाड्यांत मातीखालीं काळा पाषाण आहे, आणि विहिरीचें पाणी त्याच्याच भेगांतून व झिजलेल्या थरांतून येतें. अंगणांत ओतलेल्या तेलास तीच वाट मोकळी असते. त्यांत झिजलेल्या धातूंचे कण आणि जळणाचे विषारी अवशेष असतात. केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांत अशा तेलाची गणना घातक कचऱ्यांत केलेली आहे, आणि २०२३ च्या दुरुस्तीनें त्याच्या पुनर्वापराची जबाबदारी १ एप्रिल २०२४ पासून तेल तयार करणाऱ्या व आयात करणाऱ्या कंपन्यांवरही टाकली आहे. जुनें तेल नव्याच्याच रिकाम्या डब्यांत भरून गॅरेजांतील पिंपांत द्यावें, आणि तें पिंप पुढें कोणाकडे जातें हें विचारण्यास संकोचूं नये.

खाद्यतेलाच्या डब्यांत मात्र तें कदापि भरूं नये. एकत्र कुटुंबांत एकानें पडवींत ठेवलेली वस्तु दुसरें कोणी उचलून आंत नेतें. आमचा तसा एक डबा फोडणीपर्यंत पोहोंचला होता. झांकण उघडतांच वास आला म्हणून वहिनींनीं तो परत पडवींत आणून ठेवला, आणि पुढें दोन दिवस स्वयंपाकघरांतून आमच्याशीं कोणी बोललें नाहीं.