मूळ भंगारात, प्रतिकृती रुळांवर

न्यूयॉर्क सेंट्रल या अमेरिकी रेल्वेकडे १९२७ ते १९३८ या काळात हडसन जातीची २७५ वाफेची इंजिनं दाखल झाली. पुढे चार छोटी चाकं, मध्ये सहा मोठी, मागे पुन्हा चार. न्यूयॉर्क ते शिकागो धावणाऱ्या ‘ट्वेन्टिएथ सेंच्युरी लिमिटेड’ या मानाच्या गाडीला हीच इंजिनं लागत. १९५० च्या दशकात डिझेलनं वाफेची जागा पुरती घेतली आणि एकूण एक हडसन मोडीत निघालं. त्याच रेल्वेची मोहॉक जातीची दोन इंजिनं तरी वाचली. हडसनचं एकही नाही. ते डोळ्यांनी पाहायचं, त्याच्याभोवती फिरून पाहायचं, तर प्रतिकृतीच गाठावी लागते. म्हणून या प्रतिकृतींची वाटचाल मला खेळण्यांच्या इतिहासाहून मोठी वाटते.

सुरुवात मात्र खेळण्यांच्याच कंपनीनं केली. जोशुआ लायोनेल कोवेन यांनी १९०० मध्ये न्यूयॉर्कमध्ये लायोनेल कंपनी काढली. तिच्या आरंभीच्या गाड्या पत्र्याच्या, झगमगीत रंगांच्या. खऱ्या गाडीच्या मापाशी त्यांचं फारसं देणंघेणं नव्हतं. १९३७ मध्ये याच कंपनीनं ‘७०० ई’ हे हडसन बाजारात आणलं आणि सगळं बदललं. माप एकास अठ्ठेचाळीस, ओतीव धातूचा बॉयलर, त्यावरच्या नळ्या, रिव्हेट, चाकांचे जोडदांडे सारं खऱ्याबरहुकूम. किंमत ७५ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या कामगाराचा काही आठवड्यांचा पगार. मंदीतून नुकत्याच सावरणाऱ्या देशात हे धाडसच होतं.

या प्रतिकृतीवर क्रमांक होता ५३४४. खऱ्या ५३४४ वर १९३४ च्या अखेरीस निमुळतं पोलादी कवच चढवून त्याला ‘कमोडोर व्हँडरबिल्ट’ असं नाव दिलं होतं. म्हणजे लायोनेलचं इंजिन दुकानात आलं तेव्हा खरं ५३४४ तसं दिसतच नव्हतं. कवचाआधीचं त्याचं उघडं, रांगडं रूप प्रतिकृतीनं धरून ठेवलं होतं. एक तडजोड तेवढी राहिली: वीज पुरवणारा मधला तिसरा रूळ.

१९४२ मध्ये युद्धामुळे अमेरिकेत धातूच्या खेळण्यांचं उत्पादन थांबलं. १९५० मध्ये, पन्नाशीच्या निमित्तानं, लायोनेलनं हडसन पुन्हा आणलं. त्यात धूर होता, पण ‘७०० ई’ इतका बारकावा नव्हता.

बारकाव्याची धुरा आता जपानी कारागिरांकडे गेली. युद्धानंतर तिथल्या छोट्या कारखान्यांत पितळी पत्रे कापून, हातानं डाख देऊन, मोजक्या संख्येनं इंजिनं घडू लागली. पुढे हे काम कोरियात गेलं. तोवर अमेरिकी छंदिष्टांत एकास सत्याऐंशी हे ‘एचओ’ माप रुळलं होतं. हडसनमध्येही गटागटांनुसार फरक होते. न्यूयॉर्क सेंट्रलचे अभ्यासक ते छायाचित्रांवरून हुडकत आणि प्रतिकृतीत ते नसले तर खडसावून विचारत. मोजक्यांच्या या हट्टामुळेच खेळण्याचा दस्तऐवज झाला.

२००२ मध्ये ब्रॉडवे लिमिटेड इम्पोर्ट्स या नव्या कंपनीनं आपलं पहिलं इंजिन म्हणून हडसनचीच निवड केली. त्याच्या पोटात ध्वनीची चिप होती. चाकांच्या गतीनुसार वाफेचे फुत्कार, शिट्टी, घंटा हे सगळं आता साध्या छंदिष्टाच्याही आवाक्यात आलं.

प्रतिकृतीही अमर नसते. युद्धापूर्वीच्या जस्ताच्या ओतकामात अशुद्ध धातू मिसळला गेला असेल, तर भाग फुगतात, तडकतात, शेवटी भुगा होतात. त्यामुळे कुणाच्या घरी जुनं इंजिन सापडलं तर माझी एक विनंती आहे. ते नव्यानं रंगवू नका. दमट जागी ठेवू नका. खोका आणि माहितीपत्रक टाकू नका. ज्या यंत्राचं मूळ जगात उरलेलं नाही, त्याची प्रतिकृती हाच त्याचा पुरावा असतो, आणि पुरावा आहे तसाच जपायचा असतो.