समीक्षकाने किती रात्री जागावे?

गायकाला गाणे येते, श्रोत्याला ते आवडते किंवा आवडत नाही. मग मध्ये हा संगीत-समीक्षक कशाला, असा प्रश्न आमच्या वर्गात एकदा निघाला होता. याचे उत्तर स्वतःच्या लेखणीने देणारी माणसे मराठीत होऊन गेली. केशवराव भोळे त्यांपैकी एक. वैद्यकीचे शिक्षण अर्धवट सोडून ते संगीताकडे वळले आणि ‘वसुंधरा’ साप्ताहिकात ‘एकलव्य’ या टोपणनावाने त्या काळच्या गायकांवर लिहू लागले. ज्याच्या मैफलीत बसायचे, त्याच्याच गाण्यातले उणे लिहायचे, हे काम अवघड. टोपणनावाची त्यात सोय होत असावी. पुढे १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकाला आणि १९३६ साली प्रभातच्या ‘संत तुकाराम’ या बोलपटाला त्यांनी संगीत दिले. म्हणजे परीक्षकच परीक्षेला बसला!

त्या काळच्या ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. तासभर रंगणारा ख्याल एवढ्यात आटोपायचा. तेव्हा केवळ तबकडी ऐकून गायकाचे मोल ठरविणे म्हणजे पोस्टकार्डावरून माणूस ओळखणे. बैठक ऐकलीच पाहिजे, आणि तीही एकदा ऐकून भागत नाही.

दुसरे नाव वामनराव देशपांडे यांचे. हे व्यवसायाने हिशेबतपासनीस. त्यांचे ‘घरंदाज गायकी’ हे पुस्तक १९६१ सालचे. त्यात त्यांनी स्वर आणि लय अशी दोन टोके कल्पून घराणी मांडली आहेत: किराणा स्वराच्या टोकाला, आग्रा लयीच्या टोकाला आणि दोहोंचा तोल सांभाळणारे जयपूर मध्ये. आता, वामनराव स्वतः जयपूर घराण्याच्या मोगूबाई कुर्डीकरांकडे शिकलेले. आपलेच घराणे नेमके मध्ये कसे आले, अशी शंका मनात येतेच! पण लेखक कोठे उभा आहे हे वाचकाला ठाऊक असले, की तो आपला हिशेब स्वतः करू शकतो. मला तर कोठेच न उभ्या असलेल्या समीक्षकाची अधिक भीती वाटते.

हे झाले मोठ्या शहरांतले. आपल्या जिल्ह्यात भीमगीतांच्या गायन पार्ट्या आहेत. एप्रिल-मे महिन्यांत त्यांना रोज कोठल्या ना कोठल्या गावची सुपारी असते. पेटी, ढोलकी, बेंजो, अलीकडे कीबोर्ड आणि पॅड. श्रोत्यांतून दहाची, पन्नासची नोट येते, देणाऱ्याचे नाव माइकवर पुकारले जाते आणि गाणे पुढे सरकते. १९८० नंतर कॅसेट स्वस्त झाली, लहान लहान कंपन्या निघाल्या आणि मोठ्या कंपनीच्या दारात न जाताही अशा गायकांचा आवाज घराघरांत पोचला. आज ते काम मोबाईल करतो. मात्र या गाण्यावर, ते कसे गायिले यावर, कोणी चार ओळी लिहिल्याचे माझ्या पाहण्यात फारसे नाही. भाषणे होतात ती आशयावर.

म्हणून गेल्या वर्षी मी हौसेने आमच्या भित्तिपत्रकात एका पार्टीवर टिपण लिहिले. ‘दुसरे गायक वरच्या सुरात बेसूर होतात’ हे वाक्य मला तेव्हा फार धीट वाटले होते. आठ दिवसांनी ते गायक बाजारात भेटले. वडिलांच्या ओळखीचे. रागावले नाहीत. म्हणाले, “बाळा, तू लिहिलंस ते खोटं नाही. पण तू एकच रात्र ऐकलंस. चल आमच्यासंगं.”

मग जीपमध्ये ढोलकी मांडीवर घेऊन मी त्यांच्याबरोबर तीन गावे केली. दुसऱ्या रात्री उलगडा झाला. मुख्य गायकाची पट्टी काळी चार. बेंजोच्या तारा त्याच पट्टीत लावलेल्या. ऐन कार्यक्रमात त्या उतरवायला वेळ कोण देतो? दुसऱ्या गायकाचा मूळ गळा दोन पट्ट्या खालचा. तरी त्यांना काळी चारमध्येच गावे लागे, आणि तेही रात्री दीडनंतर, मुख्य गायक चहाला उठला की! खालच्या सुरात त्यांचा शब्द इतका स्वच्छ लागे, की मागे घोंगडी पांघरून बसलेले म्हातारेही मान हलवीत. पहिल्या टिपणात यातले एक अक्षर नव्हते.

परत आल्यावर मी दुसरे टिपण लिहिले. ‘बेसूर’ हा शब्द काढला नाही; कारण बेसूर होते ते होतेच. त्याच्यापुढे पट्टीची गोष्ट लिहिली आणि खालच्या सुराचीही. ओळखीमुळे मी नमते घेतले, असे एक मित्र म्हणाला. तसे असेलही थोडे. आता त्या घरी मी जेवलो आहे, हे वाचकांना सांगून टाकतो.

भित्तिपत्रक उतरवल्यावर गायकांनी तो कागद मागून नेला. दोनदा वाचला, आणि एकच चूक दाखविली: ढोलकीवाल्याचे नाव राहून गेले होते.