जपानी चित्रकथा आणि आपल्या घरचीं मुलें

घरांत कोणत्या गोष्टी सांगितल्या जातात, यावरून त्या घरचीं मुलें पुढें कोणत्या भाषेंत विचार करतील हें पुष्कळ अंशीं ठरतें. पूर्वीं हें काम आजीकडे असे. हल्लीं त्यांतला मोठा वांटा दूरचित्रवाणीनें आणि मोबाइलनें उचलला आहे. आणि नवल असें कीं, तेथील पुष्कळशा गोष्टी जपानांतून आलेल्या आहेत. आमच्या तेल्हाऱ्यासारख्या, सातपुड्याच्या पायथ्याकडील कापसाच्या गांवींहि नोबिता, डोरेमॉन आणि शिनचॅन हीं नांवें ठाऊक नसलेलें मूल विरळा. वडील मंडळी यावर दोनच उद्गार काढतात. कोणी म्हणतात, ‘पोरें बिघडलीं’. कोणी म्हणतात, ‘चित्रेंच तीं, पाहूं द्या.’ आमच्या मतें दोन्ही उद्गार घाईचे आहेत.

जपानांत छापील चित्रकथेस ‘मांगा’ आणि हलत्या चित्रांच्या पटास ‘ॲनिमे’ म्हणतात. मांगा हा शब्द जुना आहे. प्रख्यात चित्रकार होकुसाई यानें १८१४ पासून आपल्या रेखाटनांचीं पुस्तकें याच नांवानें प्रसिद्ध केलीं. आजच्या मांगास वळण लावलें तें मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर ओसामु तेझुका (१९२८–१९८९) यांनीं. त्यांचा ‘ॲस्ट्रो बॉय’ १९६३ मध्यें जपानी दूरचित्रवाणीवर आला, आणि १९७२ ते १९८३ या काळांत त्यांनीं भगवान बुद्धांचें चरित्रहि चित्रकथेच्या रूपानें मांडलें. म्हणजे तेथें मांगा हें केवळ बालवाङ्मय नाहीं. लहान मुलें, मुलगे, मुली, प्रौढ अशा निरनिराळ्या वाचकांसाठीं निरनिराळीं नियतकालिकें निघतात. हा भेद आपल्याकडील गृहस्थांनीं अवश्य ध्यानांत घ्यावा. फुजिको एफ्. फुजिओ यांचा डोरेमॉन १९६९ च्या अखेरीस मुलांच्या इयत्तावार मासिकांतून अवतरला. उलट योशितो उसुई यांचा शिनचॅन १९९० मध्यें प्रौढांच्या एका साप्ताहिकांत जन्मला. तेव्हां शिनचॅनचें उद्धट बोलणें ऐकून आजीबाईंच्या कपाळास आठी पडत असेल, तर ती अगदींच अस्थानीं नव्हे. तो विनोद मुळांत मुलांसाठीं लिहिलेलाच नव्हता!

परंतु जपानाकडून शिकण्यासारखी खरी गोष्ट चित्रांपेक्षां त्यांच्या चाहत्यांत आहे. या चाहत्यांस तेथें ‘ओताकु’ म्हणतात. हा शब्द मूळचा आदरार्थी. ‘आपलें घर’ या अर्थावरून तो ‘आपण’ अशा संबोधनासाठीं वापरीत. चित्रकथांचे नादी एकमेकांस असेंच संबोधीत, म्हणून १९८३ मध्यें अकिओ नाकामोरी या लेखकानें त्यांची थट्टा करण्यासाठीं तो योजला. पुढें पुष्कळांनीं तेंच नांव अभिमानानें मिरविलें. कारण हे नादी नुसते पाहत बसले नव्हते. २१ डिसेंबर १९७५ रोजीं टोकियोंत हौशी चित्रकथाकारांचा ‘कॉमिक मार्केट’ नांवाचा बाजार प्रथम भरला. त्या खेपेस ३२ मंडळें आणि सुमारें ७०० माणसें जमलीं होतीं. २०१९ मधील चार दिवसांच्या बाजारांत हाच आंकडा सात लाखांवर गेला. तेथें वाचक स्वतः काढलेल्या आणि स्वखर्चानें छापलेल्या पुस्तिका विकतात. पुष्कळदां त्यांतलीं पात्रें दुसऱ्यांचीं, उसनीं घेतलेलीं असतात. कायद्याच्या कांट्यानें हें मान्य होण्यासारखें नाहीं. तरी प्रकाशक बहुधा काणाडोळा करतात, कारण उद्यांचे लेखक याच गर्दींतून वर येतात. ‘क्लॅम्प’ हें पुढें जगप्रसिद्ध झालेलें स्त्री-चित्रकारांचें मंडळ अशाच हौशी पुस्तिकांपासून निघालें. कित्येक चाहते आवडत्या पात्राचा वेष स्वतः शिवून घालतात. त्यास ‘कॉस्प्ले’ म्हणतात. मुंबईच्या कॉमिक कॉनमध्येंहि असे वेषधारी दिसतात. ज्या मुलखांत बहुरूप्यांनीं दारोदार सोंगें आणलीं, तेथें यांत नवलाई ती काय?

आपल्या देशांतील चाहतेहि स्वस्थ नाहींत. मकोतो शिंकाई यांचा ‘वेदरिंग विथ यू’ हा चित्रपट येथें दाखवावा म्हणून २०१९ मध्यें पन्नास हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज झाला, आणि त्याच वर्षीं ऑक्टोबरांत तो भारतांतील चित्रगृहांत लागला. याच्या उलट दिशेचें उदाहरण युगो साको यांचें. हे जपानी गृहस्थ रामकथेनें इतके भारले गेले कीं, त्यांनीं तिच्यावर पूर्ण लांबीचा ॲनिमे काढण्याचें मनावर घेतलें. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्यें तयार झालेले राम मोहन त्यांत सहदिग्दर्शक होते. संगीत वनराज भाटिया यांचें, आणि संस्कृत गीतरचना वसंत देव यांची. हा चित्रपट १९९२ मध्यें पुरा झाला. परंतु भारतांत मोठ्या प्रमाणावर प्रदर्शित होण्यास २४ जानेवारी २०२५ हा दिवस उजाडावा लागला. त्या वेळीं तो हिंदी, तमिळ, तेलुगू आणि इंग्रजी या चार भाषांत आला. त्यांत मराठी नव्हती.

आमची काळजी नेमकी येथें आहे. वऱ्हाडांतलें मूल नोबिताचें बोलणें हिंदींत ऐकतें, हिंदींतच रुसतें आणि रागावतें. आजीशीं बोलतांना मात्र त्याला मराठी शब्द अडतो. हा दोष जपानचा नव्हे. मराठी माणसानें आरंभच केला नव्हता असेंहि नाहीं. दादासाहेब फाळके यांनीं १९१५ मध्यें ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटांत आगकाड्या नाचविल्या. १९३४ मध्यें प्रभातनें ‘जंबूकाका’ हा व्यंगचित्रपट काढला. पण परंपरा एकट्यादुकट्या कर्त्यानें होत नसते. तिला मागून येणारे शेंकडों हौशी हात लागतात. जपानांत ते हात वाचकांनींच पुरविले.

म्हणून दूरचित्रवाणी बंद करण्याचा हट्ट धरण्यापूर्वीं घरच्या वडील माणसांनीं एवढें करून पाहावें. मूल काय पाहतें आणि तें कोणत्या वयासाठीं काढलेलें आहे, याची चौकशी करावी. मग कोरी वही व पेन्सिल त्याच्या पुढें ठेवून सांगावें, ‘बाळ, नोबिताला एकदां आपल्या तेल्हाऱ्यास आण, वान नदीच्या कांठीं, कापसाच्या शेतांत, नरनाळ्याच्या किल्ल्यावर त्याला हिंडव, आणि तो जें बोलेल तें मराठींत लिही.’ आजोबांनीं शुद्धलेखन पाहावें, आजीनें अडलेली गोष्ट पुढें न्यावी, चुलत भावंडांनीं रंग भरावे. एकत्र कुटुंबासारखें आयतें मंडळ टोकियोच्या चाहत्यांसहि सहसा लाभत नसेल. चित्रें वेडींवांकडीं आलीं तरी हरकत नाहीं. वही मात्र जपून ठेवावी, आणि पुढच्या सुटींत तिचा दुसरा भाग मागावा.