लॅपटॉप सुरू होताच व्हीपीएन का उठून बसतं?

आजचा विषय छोटा आहे, पण आपल्या औंढ्यात मोबाईलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप चालवणाऱ्या पोरापोरींना तो चांगलाच नडतो. लॅपटॉप सुरू केला की व्हीपीएन न विचारता चालू होतं, आणि आपल्याला पत्ताही नसतो.

बिघडतं काय? समजा, शिष्यवृत्तीच्या फॉर्मची शेवटची तारीख आहे. तुम्ही बसलाय नागनाथाच्या देवळाजवळ, पण व्हीपीएन जोडलंय सिंगापूरला. साइटला तुम्ही सिंगापूरचे दिसता. काही सरकारी आणि बँकांच्या साइट परदेशी पत्ता दिसला की उघडतच नाहीत. आपण मात्र रेंजला शिव्या घालतो! 2022 मध्ये सर्ट-इनने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती 5 वर्षं जपून ठेवायला सांगितलं, तेव्हा एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले सर्व्हरच काढून घेतले. त्यामुळे ॲपने स्वतःहून ‘जवळचा’ सर्व्हर निवडला तरी तो देशाबाहेरचा निघू शकतो.

आता उपाय. बरेच जण थेट टास्क मॅनेजरकडे धावतात. मी म्हणेन, आधी व्हीपीएनचंच ॲप उघडा. त्याच्या सेटिंगमध्ये ‘लाँच ऑन स्टार्टअप’ किंवा ‘स्टार्ट विथ विंडोज’ असं काहीतरी असतं, ते बंद करा. शेजारी ‘ऑटो-कनेक्ट’ असेल, तेही. ही दोन वेगळी बटणं आहेत बरं का. पहिलं ॲप उघडतं, दुसरं सर्व्हरला जोडतं.

तिसरं बटण सगळ्यात महत्त्वाचं, ‘किल स्विच’. व्हीपीएन तुटलं तर तुमचा खरा पत्ता उघडा पडू नये म्हणून ते अख्खं इंटरनेटच अडवतं. काही ॲपमध्ये हे कायम चालू ठेवता येतं. ते तसंच ठेवून ॲपचं आपोआप उघडणं बंद केलं, तर पुढच्या वेळी वायफाय जोडलेलं दिसेल आणि एकही पान उघडणार नाही. म्हणून आधी किल स्विच बंद, मग बाकीचं.

एवढं करूनही ॲप उठतंच असेल, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. ‘स्टार्टअप ॲप्स’मध्ये व्हीपीएनचं नाव शोधा, राइट क्लिक, ‘डिसेबल’. ॲप काही उडत नाही, फक्त बोलावल्याशिवाय येत नाही. ‘सर्व्हिसेस’च्या यादीतही त्याचं नाव दिसेल, पण तिथे उगाच हात घालू नका. ती सर्व्हिस बंद पडली तर गरजेच्या वेळी व्हीपीएन जोडलंच जात नाही.

तपासताना ‘शट डाउन’ नको, ‘रीस्टार्ट’ करा. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन अर्धवटच होतं, सिस्टीमचा काही भाग झोपवून ठेवलेला असतो. मॅकवाल्यांनी ‘जनरल’मधलं ‘लॉगिन आयटम्स’ बघावं.

फोनवर ऐकताय ना? मग अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये ‘व्हीपीएन’ शोधा, नावाशेजारचं चक्र दाबा आणि ‘ऑलवेज-ऑन’ चालू आहे का बघा. तिथेही तीच भानगड असते.

आणि घरून काम करणाऱ्यांनो, लॅपटॉप कंपनीचा असेल तर यातलं काहीच करू नका. तिथलं व्हीपीएन मुद्दाम तसं ठेवलेलं असतं. आधी आयटीवाल्यांना फोन लावा.