सुरुंगाची वही

लोणावळ्याहून मुंबईकडे निघालेल्या गाडीत बसले म्हणजे बोगद्यांमागून बोगदे येतात. बोरघाटातल्या लोहमार्गाचे हे काम 1856 साली सुरू झाले आणि 1863 मध्ये त्यावरून गाडी धावली. ऐन भरात चाळीस हजारांवर माणसे तेथे राबत होती. नोबेलला डायनामाइटचा हक्क मिळाला तो पुढे, 1867 मध्ये. म्हणजे हा काळा पत्थर फुटला तो साध्या काळ्या दारूने.

आज मावळातल्या दगडखाणींत भोके यंत्राने पाडतात आणि त्यांत तोटे भरतात. पण जुनी भीती अजून गेलेली नाही. उडालेल्या सुरुंगापेक्षा न उडालेला अधिक वाईट. तो ढिगाऱ्याखाली जिवंत राहतो आणि दुसऱ्या दिवशी कोणा मजुराची पहार नेमकी त्याच्यावर पडते. म्हणून बार मोजायचे असतात. बारा भोकांना बत्ती दिली व आवाज अकराच आले, तर बारावे भोक कोठे आहे हे वहीत लिहून पुढच्या पाळीच्या माणसाला दाखवलेच पाहिजे. (सारे बार एकदम उडतात तेथे कान कामाचे नाहीत, ढिगाराच तपासावा लागतो.)

दुसरा हिशेब कोठाराचा. स्फोटकांचा कायदा 1884 चा, त्याखालचे चालू नियम 2008 चे. परवानेदाराने माल किती आला, किती वापरला, किती उरला हे लिहून ठेवावे व अधिकारी मागतील तेव्हा दाखवावे, असे ते सांगतात. वजाबाकी सोपी आहे. पण दोन तोटे कमी भरले, तर ते ढिगाऱ्यात आहेत की कोणाच्या घरी, याचा छडा त्याच दिवशी लागला पाहिजे. असे तोटे डोहातले मासे मारायलाही वापरले गेले आहेत!

आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते ती तिसरी नोंद, कारण ती खाणीबाहेरच्या माणसाच्या उपयोगाची आहे. भिंतीला तडा गेला की घरमालक सुरुंगाकडे बोट दाखवतो, खाणवाला पावसाकडे. खाणसुरक्षा महासंचालनालयाने 1997 मध्ये जमिनीच्या हादऱ्याला मर्यादा घातल्या. हादरा मंद कंपनांचा असेल, तर साध्या घरापाशी त्याचा वेग सेकंदाला 5 मिलिमीटर, ऐतिहासिक वास्तूंसाठी अवघा 2. कार्ले-भाजे लेण्यांच्या या मुलखात तो दुसरा आकडा विसरता येत नाही. हादरा ठरतो मुख्यतः एका क्षणी किती किलो दारू उडाली आणि घर किती अंतरावर होते यावर. तेव्हा तक्रार करणाऱ्याने त्या दिवसाचे पान मागावे: वेळ, भोकांची संख्या, एका क्षणाला उडालेले वजन आणि सर्वांत जवळच्या घराचे अंतर.