मूळ रंग कुठे दडला आहे?

समजा, बीड जिल्ह्यातील एका गावी, वाड्याच्या अंगणात १९७४ सालची एक ‘प्रीमिअर पद्मिनी’ मोटार उभी आहे. आजोबांनी ती घेतली तेव्हा ती निळी होती, असे घरातले सगळे सांगतात. आज मात्र तिचा टप राखेसारखा करडा, दरवाजे फिकट आकाशी आणि एक मडगार्ड भलत्याच गडद निळ्या रंगाचे आहे. गॅरेजमधला रंगारी विचारतो, “सगळे घासून काढतो. पण निळा कोणता मारू?”

प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही. घाईने उत्तर दिले, तर ते शोधण्याचे साधनच घासलेल्या भुकटीबरोबर उडून जाईल.

ही मोटार आपल्या महाराष्ट्राचीच. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली ‘प्रीमिअर ऑटोमोबाइल्स’ ही कंपनी स्थापन केली. तिच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात फियाट ११०० या इटालियन मोटारीवर आधारलेली ही गाडी तयार होई. १९७४ पासून तिला ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. मुंबईच्या टॅक्सींमधून ती २०२३ साली बाद झाली. त्यामुळे जुन्या, जपलेल्या गाड्यांचे मोल वाढले आहे. भारत सरकारच्या २०२१ च्या नियमानुसार, पहिल्या नोंदणीला पन्नासहून अधिक वर्षे झालेली आणि मूळ स्वरूपात राखलेली खासगी मोटार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. तेव्हा ‘मूळ’ म्हणजे काय, हे नीट पाहिले पाहिजे.

रंगात काय असते?

भिंतीवर पट्टा ओढण्यासाठी आपण गेरू घेतो, त्यात डिंक कालवतो आणि पाणी घालून पातळ करतो. मोटारीच्या रंगातही हेच तीन घटक असतात. गेरूच्या जागी रंगद्रव्याची बारीक पूड, डिंकाच्या जागी ती धरून ठेवणारे बंधक आणि पाण्याच्या जागी द्रावक, म्हणजे रंगाऱ्याचे ‘थिनर’. थिनर उडून जाते. बंधकाचा पातळ पापुद्रा व त्यात अडकलेले रंगद्रव्याचे कण मागे राहतात. कारखान्यात दिलेल्या सगळ्या थरांची मिळून जाडी साधारण एक दशांश मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ वहीच्या एका पानाएवढी असते!

गॅरेजमध्ये या रंगाला अजूनही ‘ड्युको’ म्हणतात. ते मूळचे एका अमेरिकन रंगाचे व्यापारी नाव. १९२३ च्या सुमारास आलेल्या या रंगाचे बंधक नायट्रोसेल्युलोज होते. त्यापूर्वी मोटार रंगवून वाळायला कित्येक दिवस, कधी काही आठवडे लागत. हा रंग काही तासांत वाळू लागला.

ऊन काय करते?

बीडच्या उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. उघड्यावरचा पत्रा तर हवेपेक्षाही कितीतरी अधिक तापतो. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण बंधकाच्या रेणूंचे बंध तोडतात. हवेतील ऑक्सिजन व ओलावा त्याला हातभार लावतात. बंधक झिजले की वरचे कण सुटे होतात. टपावरून बोट फिरवा, खडूसारखी पूड लागेल. पृष्ठभाग असा खडबडीत झाला की पांढरा प्रकाश सर्व दिशांना विखुरतो. तो खालच्या निळ्यात मिसळून डोळ्यांत शिरतो आणि रंग फिका वाटतो.

याचा पडताळा तुम्हीही घेऊ शकाल. फिक्या भागावर ओले फडके फिरवा. निळा क्षणभर गडद होईल. धुळकट शहाबादी फरशी पाणी टाकताच काळसर दिसते, त्याचे कारणही हेच. पाण्याने खळगे भरले की विखुरणे कमी होते. असा रंग मेलेला नाही, झाकला गेला आहे. हलक्या हाताने पॉलिश करून पूड काढली तर पुष्कळदा तो पुन्हा उजळतो आणि नव्याने रंगवण्याची गरजच राहत नाही. मात्र जाडी वहीच्या पानाएवढी आहे, हे विसरू नका!

काही वेळा मात्र रंगद्रव्यच नष्ट होते. अनेक कार्बनी रंगद्रव्ये, विशेषतः काही लाल, उन्हात टिकत नाहीत. उलट गेरू हे लोहाचे ऑक्साइड. मराठवाड्यातीलच अजिंठ्याच्या लेण्यांत ते सुमारे दीड हजार वर्षे तग धरून आहे.

पुरावा कुठे शोधायचा?

ऊन पोचले नाही तेथे. दिव्याच्या कड्याखाली, दरवाजाच्या रबराखाली, नंबरप्लेटच्या मागे, डिकीच्या आतल्या अस्तराखाली. पण येथेही एक फसगत संभवते. तेलयुक्त व अल्किड बंधके अंधारात पिवळसर पडतात. मग पांढरा मलईसारखा आणि निळा किंचित हिरवट दिसतो. असा भाग काही दिवस उजेडात ठेवला तर हा पिवळेपणा बराचसा उतरतो.

दुसरी युक्ती आणखी मजेची आहे. आडोशाच्या जागी, रुपयाएवढ्या भागावर, बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हळूहळू घासतात. मध्ये पत्रा उघडा पडतो आणि भोवती झाडाच्या बुंध्यासारखी वर्तुळे दिसतात. आतून बाहेर पाहत गेले तर प्रथम प्रायमर, मग मूळ रंग, मग नंतरचे हात. दोन-तीन ठिकाणी हाच क्रम आढळला, तर प्रायमरला लागून असलेला निळा कारखान्याचा, असे मानायला हरकत नाही. त्या गडद मडगार्डवर प्रायमरऐवजी जाड ‘लांबी’ लागली, तर तेथे पूर्वी अपघाताची डागडुजी झाली असणार!

जुळणी कोणत्या उजेडात?

साडीवर ब्लाऊजपीस घेताना आई दुकानाबाहेर येऊन उन्हात का पाहते? दुकानातील दिव्याखाली जुळलेले दोन रंग बाहेर वेगळे दिसू शकतात. आपला डोळा रंग ओळखतो तो तीन प्रकारच्या शंकुपेशींच्या साहाय्याने. दोन वेगळी रंगद्रव्ये वेगवेगळ्या तरंगलांब्या परावर्तित करूनही एखाद्या प्रकाशात या पेशींना सारखीच भासू शकतात. प्रकाश बदलला की बिंग फुटते. या प्रकाराला ‘मेटॅमेरिझम’ म्हणतात.

म्हणून नमुना सावलीतील दिवसाच्या उजेडात, ट्यूबलाइटखाली आणि साध्या बल्बखाली, असा तिन्ही ठिकाणी ताडून पाहावा. वर्णपटमापक हे यंत्र ४०० ते ७०० नॅनोमीटरपर्यंतच्या प्रत्येक टप्प्यावर किती प्रकाश परत येतो ते मोजते. दोन आलेख एकमेकांवर बसले तर जुळणी सर्व प्रकाशांत टिकते. यंत्र नसले तरी एक नियम पाळावाच: डब्यातला ओला रंग ताडू नये. पत्र्याच्या तुकड्यावर फवारून, पूर्ण वाळवून मगच पाहावा. फवारणीची वेळही महत्त्वाची. भर दुपारी थेंब पत्र्यावर पोचण्याआधीच सुकतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. पावसाळ्यात थिनर उडताना पत्रा थंड होतो, हवेतील बाष्प त्यावर जमते आणि ड्युकोवर पांढुरकी झाक येते.

घासण्यापूर्वी

जुन्या रंगांत, विशेषतः पिवळ्यात, लेड क्रोमेटसारखी शिशाची संयुगे सर्रास असत. कोरडे घासल्यास ती धूळ श्वासातून शरीरात जाते. मुलांच्या मेंदूला ती फार घातक. घासकाम ओलेच करावे, मोठ्यांनी, योग्य मुखपट्टी लावून. तुम्ही निरीक्षण करा, घासू नका.

आता रंगाऱ्याला काय उत्तर द्यायचे? “सगळे घासू नका. आधी दिव्याचे कडे काढा, टपावर ओले फडके फिरवा, नमुने वाळवून तीन उजेडांत पाहू. आणि डिकीच्या आत तळहाताएवढा मूळ रंग जसाच्या तसा राहू द्या.” नवा रंग कितीही चांगला जुळला, तरी तो आपला अंदाज आहे. पुढे कोणाला तो तपासावासा वाटला, तर ताडून पाहायला तेवढा तुकडा पुरेल.

तुमच्यासाठी प्रयोग: रंगीत कार्डपेपरच्या चार रंगांच्या पट्ट्या घ्या. प्रत्येकीवर एक नाणे चिकटपट्टीने बसवून एप्रिलमध्ये तीन आठवडे गच्चीवर ठेवा. नाणी काढण्यापूर्वी कोणता रंग सर्वांत जास्त उडेल, याचा अंदाज वहीत लिहा. मग नाणी काढून पाहा.